‘गव्हर्नमेंट’ विषयाचा ऑनलाइन कोर्स घेतलेल्या भाचीला

प्रिय भाचीबाई,

अनेक आशीर्वाद.

इंजिनिअरिंगला आलेल्या मुलीनं अमेरिकेची राज्यव्यवस्था कशाला शिकायची, असं तू वैतागून विचारलंस. ट्यूटरिंग सेंटरमध्ये माझ्या टेबलाशी दर सेमिस्टरला कुणीतरी हेच विचारतं. टेक्सासचा कायदाच तसा आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजची पदवी हवी, तर या विषयाचे सहा क्रेडिट तास करावेच लागतात, मग तू पेट्रोलियम शीक नाहीतर व्हायोलिन. बहुतेक कॉलेजांत त्याचे दोन कोर्स असतात: गव्हर्नमेंट २३०५ केंद्राचा आणि २३०६ टेक्सासचा. २३०५ तू कम्युनिटी कॉलेजमधून, तोही उन्हाळ्यात पुण्याला ताईच्या हातचं जेवत करणार आहेस, ते बरंच आहे. फी कमी पडते. शिवाय फॉल-स्प्रिंगच्या सेमिस्टरमध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासक्रमात एकच ऑनलाइन कोर्स धरतात, ती कटकट सुट्टीत सहसा नसते. तरी इंटरनॅशनल ऑफिसला आणि ॲडव्हायजरला आधी मेल टाक, आणि हे क्रेडिट तुझ्या विद्यापीठात चालेल असं लेखी घे. तोंडी ‘हो हो, चालेल’वर विसंबू नकोस.

सिलॅबसमधलं ‘रविवार रात्री ११:५९’ हे टेक्सासचं घड्याळ. पुण्यात तेव्हा सोमवारचे सकाळचे १०:२९ झालेले असतात. म्हणून सोमवारी सकाळी उठून करू म्हणशील, आणि नेमकी जुलैच्या पावसात वीज जाईल. परीक्षेला वेबकॅमची पाळत असेल तर सरावाची क्विझ आधी देऊन बघ, फोनचा हॉटस्पॉट तयार ठेव. आठ आठवड्यांत सोळा आठवड्यांचा माल कोंबलेला असतो, एक आठवडा हुकला तर दोन हुकले असं धर.

आता विषयाकडे येते. आपल्याकडून आलेल्या मुलांना इंग्रजी फारसं अडवत नाही. त्यांना अडवतं दहावीपर्यंत घोकलेलं नागरिकशास्त्र. राष्ट्राध्यक्ष दिसला की पंतप्रधान समजायचं, गव्हर्नर दिसला की राज्यपाल, सिनेट दिसलं की राज्यसभा. मग क्विझमध्ये विचारतात, खर्चाची तरतूद काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, मंजूर केली नाही तर काय होतं? आपल्याकडे लोकसभेत सरकार अर्थसंकल्पावर हरलं तर राजीनामा द्यावा लागतो. इथे कुणीच राजीनामा देत नाही. कित्येक सरकारी कचेऱ्यांना कुलपं लागतात, लाखो कर्मचारी पगाराविना बसतात आणि राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसमध्ये जिथल्या तिथे. २०१८-१९च्या हिवाळ्यात हे ३५ दिवस चाललं. कारण राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या बहुमतावर निवडून आलेलाच नसतो. काँग्रेसला अविश्वासाचा ठराव आणून त्याला पाडता येत नाही, त्यालाही काँग्रेस बरखास्त करता येत नाही. त्याच्या मंत्र्यांना तर काँग्रेसचं सदस्य राहायलाच बंदी आहे. घटनेच्या पहिल्या कलमातला सहावा भाग बघ.

म्हणून एक वही कर. पानाच्या डाव्या बाजूला ‘आपल्याकडे हे कोण करतं’, उजव्या बाजूला ‘इथे कोण करतं’. निवडणुकीचंच घे. शेषन यांच्यापासून आपल्या घराघरात निवडणूक आयोग माहीत झाला. इथे तसा आयोगच नाही. फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण ते प्रचाराच्या पैशाचा हिशेब बघतं. मतदान घेतात राज्यं, आणि प्रत्यक्ष राबतात काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे. किंवा आपल्याच राज्याचं घे. १ मे १९६०ला मुंबई राज्यातून महाराष्ट्र आणि गुजरात झाले, ते संसदेनं कायदा केला म्हणून. आंदोलन मुंबईत पेटलं, पण कायदा दिल्लीत झाला. आपली संसद राज्याचं मत मागवते, ते मानायचं बंधन तिच्यावर नाही. इथे घटनेच्या चौथ्या कलमाप्रमाणे त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती नसेल, तर काँग्रेसला त्यातून नवं राज्य काढता येत नाही. तेरा राज्यं आधी होती आणि आजचं केंद्र नंतर आलं, हे लक्षात ठेवलंस की फेडरलिझमचं, म्हणजे संघराज्य पद्धतीचं, अर्धं प्रकरण सुटतं.

डाव्या बाजूची एक नोंद माझ्याकडून. १९४७मध्ये आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत आले आणि इथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. ‘ड्यू प्रोसेस’मुळे, म्हणजे योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावायचं नाही या तत्त्वामुळे, न्यायाधीशांच्या हाती नको इतकी सत्ता जाते, असं फ्रँकफर्टर यांचं मत पडलं. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या आपल्या २१व्या कलमात ते शब्द आले नाहीत, त्यामागे ही भेटही आहे. पाचवी आणि चौदावी दुरुस्ती शिकशील तेव्हा हे आठव.

पाठ्यपुस्तक उघडायच्या आधी राज्यघटना वाच. आपल्या घटनेसारखा तो जाडजूड ग्रंथ नाही. १७८७चा मूळ मजकूर सात कलमांचा, साडेचार हजार शब्दांच्या आसपास, वर २७ दुरुस्त्या. एका बैठकीत होतो. पहिलं कलम काँग्रेसचं आणि सगळ्यात लांब, त्याला जास्त वेळ दे. तिसरं न्यायालयाचं. कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार त्यात कुठे आहे ते शोध. सापडणार नाही. १८०३च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात कोर्टानं तो आपला आहे असं स्वतःच सांगितलं. आधी शोधून हात हलवत परत आलीस की हा खटला वेगळा पाठ करावा लागत नाही.

फेडरलिस्टमधले, म्हणजे घटनेच्या बाजूनं लिहिलेल्या निबंधांमधले, दहावा आणि एक्कावन्नावा हे निबंध बहुतेक लावलेले असतील. ते लिहिणाऱ्या मॅडिसनची वाक्यं संपता संपत नाहीत, मोठ्यानं वाच. एआयकडून सारांश मागशील, मला ठाऊक आहे. माग, पण आधी वाच, आणि मग सारांशात काय गाळलंय ते पेन्सिलीनं लिही.

खटल्यांच्या नावांची यादी घोकू नकोस. गिडियन एकच नीट वाच. क्लॅरन्स गिडियन हा फ्लॉरिडातला फाटका माणूस. पूल रूममध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ चालतो तिथे, घुसून चोरी केल्याचा आरोप होता. वकिलाला पैसे नव्हते. कोर्टाकडे मागितला तर उत्तर मिळालं की देहदंडाच्या गुन्ह्यालाच सरकारी वकील देता येतो. मग स्वतःच उभा राहिला, हरला, पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलीनं त्यानं सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. १९६३मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्याच्या बाजूनं कौल दिला. निकालपत्र लिहिलं ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४२मध्ये अशाच खटल्यात ते अल्पमतात होते, आता त्यांनीच तो जुना निकाल मोडीत काढला. खटला पुन्हा चालला, या वेळी वकील होता, आणि गिडियन सुटला. वकिलाचा हक्क देणारी सहावी दुरुस्ती, चौदावीमधून ती राज्यांना लागू होणं, कोर्टानं आपलाच निकाल फिरवणं, तिन्ही गोष्टी या एकात येतात. कोर्ट १९५५पासून सुनावण्या ध्वनिमुद्रित करतं, त्यामुळे ओयेझ या सुनावण्या ऐकवणाऱ्या साइटवर याही सुनावणीचा आवाज फुकट ऐकायला मिळतो. ताईला भाजी निवडून देताना ऐक.

पेपरला ‘इलेक्टोरल कॉलेज (राष्ट्राध्यक्ष निवडणारं मंडळ) असावं की नसावं’ हा विषय घेऊ नकोस, प्राध्यापकांना त्याचा कंटाळा आलेला असतो. लहान विषय घे आणि त्याच्या तळाशी जा. १९८२मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्यानं गव्हर्नमेंटच्या वर्गात असाच पेपर लिहिला. काँग्रेस सदस्यांच्या पगाराबद्दलची १७८९ची एक दुरुस्ती राज्यांकडे नुसती पडून आहे, ती अजूनही मंजूर होऊ शकते, असं त्याचं म्हणणं. मिळाला सी ग्रेड. पठ्ठ्यानं राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं धाडली आणि १९९२मध्ये ती २७वी दुरुस्ती झाली. सीचा ए व्हायला मात्र २०१७ उजाडलं. लेखी कामात राजकीय बाजू घ्यायला अजिबात भिऊ नकोस. बाजू घेतल्याचे मार्क कापत नाहीत, पुरावा नसल्याचे कापतात.

२३०६ मात्र परत आलीस की वर्गात बसून कर. टेक्सासची १८७६ची घटना पाचशेहून जास्त वेळा दुरुस्त झाली आहे. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं. न्यायाधीशसुद्धा पक्षाच्या नावावर निवडून येतात. तिथे समोर बसलेल्या माणसाला हात वर करून विचारता आलं पाहिजे.

पहिल्या आठवड्यानंतर वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव.

तुझी मावशी