न पाहिलेल्या पेकिंगची आठवण

प्रश्न : ली-यंग ली या अमेरिकन कवीची ‘आय आस्क माय मदर टू सिंग’ ही कविता वाचली. आई आणि आजी पेकिंगचं, म्हणजे आजच्या बीजिंगचं, गाणं म्हणतात, शेवटी दोघी रडतात आणि मुलगा ऐकत असतो. पण तो स्वतःच सांगतो की मी पेकिंगला कधी गेलोच नाही. मग हे दुःख उसनं नाही का वाटत? आणि ओळी चौदा आहेत, म्हणून याला सुनीत (सॉनेट) म्हणायचं का?

उत्तर : उसनं अजिबात नाही. पहिल्या चार ओळी परत वाचा. वडील असते तर अकॉर्डियन वाजवत नावेसारखे डोलले असते, असं तो म्हणतो, म्हणजे पेकिंगचं नाव यायच्या आधीच वडील गेल्याचं आपल्याला कळतं, आणि ते दुःख त्याचं स्वतःचं आहे ना! गाणं एकच आहे पण त्या खोलीत प्रत्येकाचं वेगळं काहीतरी गेलंय, आजीचा जावई गेला, आईचा नवरा गेला, दोघींचं शहर गेलं, आणि मुलाचे वडील.

थोडी पार्श्वभूमी सांगते. लीचा जन्म 1957 चा, जकार्ताचा. आईवडील चीन सोडून आलेले, आईच्या घराण्यात तर चिनी प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले युआन शिकाय. पुढे इंडोनेशियात चिनी लोकांविरुद्ध वातावरण तापलं, वडिलांना तुरुंगात टाकलं, सुटल्यावर हे कुटुंब हाँगकाँग, मकाव, जपान असं फिरत 1964 मध्ये अमेरिकेत पोचलं. ‘रोझ’ हा संग्रह, ज्यात ही कविता आहे, 1986 चा.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कवितेत नावा दोन आहेत. एक वडिलांच्या डोलण्यातली, आणि दुसरी पेकिंगच्या समर पॅलेस या जुन्या राजवाड्यातली दगडी नाव, जी कुनमिंग तलावाच्या काठाला खरोखरच उभारलेली आहे आणि जागची हलत नाही. जी डोलते ती फक्त ‘असते तर’ मध्ये आहे, जी खरी आहे तिच्यावर हा मुलगा कधी उभाच राहिला नाही. कवी हे कुठेही समजावून सांगत बसत नाही, दोन्ही नावा नुसत्या शेजारीशेजारी ठेवतो आणि मला तिथे दरवेळी भरून येतं.

कमळांचंही तसंच. ती पावसाने भरतात, कलंडतात, पाणी पाण्यात सांडतं, परत सरळ होऊन परत भरतात. हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नाही, गाण्यातून ऐकलंय, आणि तरी पूर्ण कवितेत सगळ्यात स्वच्छ दिसतं ते हेच! आणि लगेच पुढे बायका रडायला लागतात पण गाणं थांबवत नाहीत. कमळांनी ते आधीच करून दाखवलेलं असतं.

शीर्षकाकडेही बघा. मुलाने आईला गायला सांगितलं हे फक्त तिथेच कळतं, आत कुठेच नाही. त्या शहराची त्याच्याकडे स्वतःची अशी एकही आठवण नाही, म्हणून त्याला मागावं लागतं, आणि तो मागतो. उसनं दुःख मिरवणारा माणूस असं मागत नाही, तो स्वतःच गायला लागतो.

सुनीताचं म्हणाल तर यमक नाही, पण रचना चार-चार-चार-दोन अशी आहे, आणि शेवटच्या दोन ओळींत सुनीताला हवा तसा वळसाही आहे, कारण तिथे ‘मी’ पूर्णच नाहीसा होतो आणि फक्त त्या दोघी उरतात. म्हणून मी तरी याला सुनीतच म्हणते.