वाचकांचे प्रश्न : अंगणातला बॉटल पाम दुर्मीळ कसा?

प्रश्न : आमच्या अंगणात माडापोफळींच्या शेजारी एक बॉटल पाम आहे. जवळच्या रोपवाटिकेत याची रोपे ओळीने मांडलेली असतात, तरीही ही जात नष्ट होण्याच्या मार्गावर असल्याचे वाचले. हे खरे आहे का? आमच्या झाडाचे बी मॉरिशसला पाठवल्यास उपयोग होईल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : रोपवाटिकेतली मुबलकता आणि रानातली दुर्मीळता, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हा पाम मूळचा मॉरिशसच्या उत्तरेस सुमारे 22 किलोमीटरवरील राउंड आयलंड या चिमुकल्या बेटावरचा. एकोणिसाव्या शतकात तेथे सोडलेल्या शेळ्यांनी आणि सशांनी उगवेल ते रोप फस्त केले, झाडोरा गेल्यावर मातीही वाहून गेली आणि रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मोठी झाडे उरली. शेळ्या 1979 पर्यंत आणि ससे 1986 मध्ये हटवल्यावरच नवी रोपे तगू लागली.

आपले झाड नीट पाहावे. पोफळीप्रमाणेच जुनी झावळी विरीसकट (खोडाला वेढणाऱ्या तिच्या रुंद बुडासकट) गळते आणि त्या जागी शिंगासारखी वर वळलेली पोय, म्हणजे मिटलेला फुलोरा, दिसते. ती फुटली की बारीक, फिकट पिवळसर फुले येतात. एकाच पोयीवर नरफुले आणि मादीफुले असतात, पण नरफुले आधी उमलून झडतात आणि मादीफुले मागाहून उमलतात. त्यामुळे फळ धरायचे तर त्याच सुमारास दुसरी पोय किंवा दुसरे झाड फुलावर असावे लागते. याच्याच एका भाऊबंद जातीचे जगात माहीत असलेले एकमेव झाड मॉरिशसमधील क्यूरपिपच्या वनस्पती उद्यानात उभे आहे. फुले येऊनही, आणि माणसांनी केलेल्या साऱ्या खटपटीनंतरही, ते एकटेच राहिले आहे.

मात्र बी पाठवू नये. रॉड्रिग्स बेटावरचा स्पिंडल पाम याचा जवळचा नातलग असून बागांमध्ये दोघांचा सहज संकर होतो, त्यामुळे अंगणातले बी शुद्ध जातीचे असेलच असे नाही. शिवाय बियांबरोबर कीड आणि रोग जाण्याची भीती असते. रत्नागिरीकडून मॉरिशसला माणसे गेली आणि तिकडून हे झाड आपल्या अंगणात आले, तरी परतीची वाट त्याच्यासाठी इतकी सोपी नाही.

हौसेसाठी बी जरूर रुजवावे. पिकलेल्या ताज्या फळाचा गर काढून ते लावावे आणि काही महिने धीर धरावा. रोप विकत घेणार असाल, तर रोपवाटिकेतले मोठे झाड आधी पाहून घ्यावे : बॉटल पामचे खोड बुंध्याशी फुगते, स्पिंडल पामचे मधोमध.