गाठी बसतील, पण गोळीची घाई नको

प्रश्न : आमचा ब्रुनो नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. पट्टा बदलताना जबड्याखाली लिंबाएवढ्या दोन गाठी हाताला लागल्या. सुई घालून तपासलं, रिपोर्टात लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, आला. डॉक्टर पाच-सहा महिन्यांची केमो सांगतात. सोसायटीबाहेरच्या काळूचीही कॅन्सरची गाठ होती, ती चार-पाच इंजेक्शनांत गेली. मग आमच्यालाच एवढं का? मेव्हणे म्हणतात, केमोच्या फंदात पडू नका, स्टेरॉइडच्या गोळ्या द्या, गाठी बसतात. गोळ्या आणून ठेवल्यात. मुलगी बाळंतपणाला आली आहे, तिचीही धास्ती वाटते.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी मेव्हण्यांचं. ते खोटं सांगत नाहीत. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने गाठी बसतात, कुत्रा जेवायलाही लागतो. पण नुसत्या स्टेरॉइडवर साधारण एक-दोन महिने मिळतात, आणि तेवढ्यात कॅन्सरच्या पेशी औषधाला निर्ढावतात. मागाहून केमो केली तरी ती तितकीशी लागू पडत नाही. पाचपाखाडीच्या माझ्या दवाखान्यात लोक गोळ्यांची पाकिटं संपवून मग विचारायला येतात, तेव्हा चिडचिड होते. केमोचं हो-नाही ठरेपर्यंत ते पाकीट फोडू नका.

काळूचा कॅन्सर बहुधा टीव्हीटी, म्हणजे कुत्र्याकुत्र्यांत लागण होणारी गुप्तांगाची गाठ, असणार. भटक्या कुत्र्यांत तो समागमातून पसरतो, आणि दर आठवड्याच्या व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनाने बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. गंमत म्हणजे ब्रुनोच्या केमोतही तेच व्हिन्क्रिस्टिन असेल, जोडीला सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन. लिम्फोमा एका गाठीपुरता नसतो, त्यामुळे गाठ कापून भागत नाही. या चौकडीने दहातल्या आठेक कुत्र्यांच्या गाठी ओसरतात. मुळापासून मात्र तो क्वचितच जातो. बी आणि टी या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती. बी-पेशींचा असेल तर साधारण वर्षभर मिळतं, टी-पेशींचा असेल तर कमी. ब्रुनोचा कुठला, ते तपासून घ्या.

आणि सुई कुठल्या गाठीत घातली होती? जबड्याखालच्या गाठी दातांच्या किटणानेही सुजतात. गोचीडतापातही सुजतात, आणि तो आपल्याकडे काय कमी आहे! मी शक्यतो मागच्या पायाच्या गुडघ्यामागची गाठ निवडते. रिपोर्टात ‘शक्यता’ असा शब्द असेल, तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात एकदा दाखवून या.

केमो म्हटलं की माणसांची आठवते. कुत्र्यांत डोस बेताचा ठेवतात, कारण त्याचे दिवस बरे जावेत हाच हेतू असतो. लॅबचे केस सहसा जात नाहीत, मिशा गळतात. उलट्या-जुलाब झाले तर बहुधा दोन-चार दिवस. आठवड्याभराने पांढऱ्या पेशी खाली येतात. तेव्हा ताप आला किंवा जेवण सोडलं, तर रात्रीच डॉक्टरांना फोन करा. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गळलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून नेहमी केमो देणाऱ्याच डॉक्टरांकडे जा. रक्ततपासण्यांसकट पूर्ण कोर्सचा खर्च आधीच लिहून मागा. तो झेपत नसेल, किंवा ब्रुनोला दवाखान्याचाच धसका असेल, तर केमो नाकारण्यात काही पाप नाही. मग मेव्हण्यांची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा.

राहिली मुलगी. केमोच्या गोळ्यांना तिने हात लावायचा नाही, आणि कुणीच त्या फोडायच्या नाहीत. डोसनंतर काही दिवस ब्रुनोची शू-शी आणि उलटी दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून काढावी. जवळ बसून त्याला कुरवाळायला तिला हरकत नाही. चाटू मात्र देऊ नये.