कोणता लाईट लाल झालाय, ते आधी बघा

उन्हाळा लागला, कूलर उतरले आणि तुमच्या नेटच्या तक्रारीही सोबतच आल्या. या वेळी पत्रं इतकी आली की सगळी घेता येत नाहीत, एकासारखी एक होती ती गाळली, कुणी रागावू नका.

नागपूरच्या धरमपेठेतल्या एक काकू लिहितात: आमच्याकडे तीस वर्षांपासून लँडलाईन आहे, जुन्या तांब्याच्या तारेवरची. आता फायबर घ्या, फायबर घ्या म्हणून फोन येऊन राहिले. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो घेऊन टाक. पण नंबर बदलेल का? सगळ्या नातेवाईकांकडे तोच आहे. आणि भिंती फोडतील का?

काकू, त्याच कंपनीचं फायबर घेतलं तर नंबर बहुतेक वेळा तोच ठेवता येतो, पण अर्ज देतानाच "नंबर हाच पाहिजे" असं लिहून घ्या, तोंडी नको. दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर नंबर जाईल, मोबाईलसारखं पोर्ट करणं घरच्या लाईनला आपल्याकडे नाही. भिंतीचं म्हणाल तर पेन्सिल जाईल एवढं भोक पडतं, आणि एसीच्या पाइपचं किंवा टीव्हीच्या केबलचं जुनं भोक असेल तर तेही लागत नाही.

पण तुम्ही जे विचारलं नाही ते सांगतो. तांब्याच्या तारेत एक्स्चेंजमधूनच साधारण ४८ व्होल्ट यायचे, म्हणून घरात अंधार असला तरी तुमचा फोन वाजायचा. फायबरमधून फक्त उजेड येतो, वीज नाही. फोनची वायर आता त्या नव्या डब्यात, म्हणजे ओएनटीमध्ये लागते, आणि डबा बंद पडला की फोनही मुका. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाईट गेली तर मुलाचा फोन लागणार नाही आणि तो तिकडे घाबरेल. डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, पण काही इन्व्हर्टर बदलताना एवढासा झटका देतात की डबा रिस्टार्ट होतो आणि मग दोन-तीन मिनिटं नेट नाही. त्यापेक्षा राऊटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घ्या, घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतो. व्होल्ट तोच पाहिजे, अँपिअर तेवढाच किंवा जास्त चालतो.

अजून एक विचारून ठेवा, फायबर थेट घरात येणार की बिल्डिंगच्या जिन्यापर्यंतच आणि पुढं साधी लॅन केबल? थेट घरात येणाऱ्या लाईनमध्ये खांबावर जो स्प्लिटर असतो त्याला वीजच लागत नाही, एका फायबरचा उजेड तो ३२ किंवा ६४ घरांना वाटून देतो. जिन्यात मात्र विजेवर चालणारा स्विच बसवला असेल तर तुमच्या घरी इन्व्हर्टर असून उपयोग नाही, जिन्यातली लाईट गेली की नेट गेलं.

जुनी लाईन लगेच कापू नका, नवी आठ-दहा दिवस नीट चालू द्या, मग अर्ज द्या, जुना मोडेम परत करून पावती घ्या, डिपॉझिट असेल तर त्याचंही लेखी मागा. प्लॅनच्या जाहिरातीतल्या रकमेवर बहुतेक वेळा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो धरून हिशोब करा. आणि लाईनमन वायर वाचवायला डबा दारापाशीच ठोकून देतो. ४५ डिग्रीत बिचारा शिडी घेऊन फिरत असतो, त्याला आधी ताक द्या आणि मग गोड बोलून हॉलच्या मधल्या भिंतीवर लावून घ्या, टीव्ही युनिटच्या आत नको.

मानेवाड्याहून एक वाचक: कालपासून डब्यावर लाल लाईट लुकलुकून राहिला, दहा वेळा बंद-चालू केलं, काही फरक नाही. कस्टमर केअरवाले पण रिस्टार्ट करा एवढंच सांगून राहिले.

त्या लाईटखाली इंग्रजीत एल-ओ-एस लिहिलं असेल तर हजार वेळा रिस्टार्ट करा, काही होणार नाही. त्याचा अर्थ डब्यापर्यंत उजेडच पोचत नाहीये. पीऑनचा, म्हणजे फायबरची जोडणी दाखवणारा लाईट हिरवा स्थिर आहे आणि इंटरनेटचा लाल आहे, असं असतं तर गोष्ट वेगळी, मग वायर ठीक, रिचार्ज किंवा लॉगिनची भानगड. म्हणून फोन करताना "लाल लाईट आला" एवढंच नका सांगू, कोणता ते सांगा.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघा. डब्याच्या मागं किंवा खाली हिरव्या टोकाची बारीक वायर असते, ती अर्धवट निघाली असेल तर टक असा आवाज येईपर्यंत आत दाबा. टोकात डोळा घालून बघू नका, तो उजेड डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. बोटानं पुसूही नका, बोटाचं तेल लागलं की अजून बिघडतं. मग वायर कुठं दुमडली का ते पाहा. आमच्याकडे दिवाळीच्या सफाईत सोफा सरकवला, पाय नेमका वायरीवर, आणि मी दोन दिवस कंपनीला शिव्या देत बसलो. कंपनीचा मुलगा आला, उजेड मोजायचं मीटर लावलं, उणे ३१. सोफा उचलला, वायर सरळ केली, उणे २१. हसला आणि निघून गेला, चहाही नाही घेतला. या आकड्यांचं गणित असं की उणे जितकं जास्त तितका उजेड कमी, आणि १० चा फरक म्हणजे दहापट. उणे २५ च्या आत असेल तर बरं, उणे २७ च्या पुढं गेलं की डबा धडपडायला लागतो. लाईनमन आला की आकडा विचारून भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करता येते.

घरात सगळं ठीक असेल तर शेजारी, त्याच कंपनीचं नेट असलेल्या कुणाला विचारा. सगळ्या गल्लीत लाल असेल तर कुठंतरी सिमेंट रोडच्या कामात जेसीबीनं केबल तोडली असणार, वाट बघा. फक्त तुमचंच असेल तर गच्चीवर जाऊन नजर टाका, संक्रांतीचा मांजा वायरीत अडकून महिनोन्महिने घासत राहतो आणि पोट्टे पतंग ओढतात तेव्हा आणखीच, खारी कुरतडतात ते वेगळंच. सापडलं तरी टेप लावून जोडायचा उद्योग करू नका, आत केसाएवढी बारीक काच असते, ती मशीननं वितळवूनच जोडतात.

खामल्याचा एक विद्यार्थी: दादा, प्लॅन १०० एमबीपीएसचा, हॉलमध्ये ९० येतात पण बेडरूममध्ये ८. राऊटर हॉलच्या खिडकीत आहे. २०० चा प्लॅन घेऊ का?

अजिबात नको, बेडरूममध्ये मग ९ येतील. एकदा लॅपटॉपला वायर लावून टेस्ट घे, ९४-९५ आले म्हणजे कंपनी पूर्ण देतेय. तुझ्या पत्रात पुढं एक ओळ आहे की खिडकीशेजारीच कूलर आहे. अरे बाबा, लोखंडी पत्र्याचा डबा, त्यात टाकीभर पाणी, आणि राऊटर त्याच्या मागं. पत्रा सिग्नल अडवतो, पाणी शोषून घेतं. त्यात दुपारचं ऊन थेट राऊटरवर. आधी राऊटर तिथून उचल, बेडरूमच्या दाराच्या रेषेत उंचावर ठेव आणि मग बघ. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ लहरीवर स्पीड जास्त पण भिंत पार करायला कमजोर, २.४ दूर जातं पण फ्लॅटस्कीममध्ये सगळ्यांचं तिथंच असतं, म्हणून २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ यातलं जे मोकळं असेल ते निवड. तरी नाही भागलं तर रिपीटरवर पैसे घालू नको, लॅन केबल टाकून जुना राऊटर बेडरूममध्ये लाव, त्याचा आयपी बदलून घे, त्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणारी सेटिंग, बंद कर आणि केबल लॅन पोर्टमध्ये टाक.

महालातून: कंपनी बदलली आणि दुकानाचे कॅमेरे बाहेरून मोबाईलवर दिसत नाहीत, दुकानातल्या वायफायवर दिसतात.

राऊटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे कंपनीनं राऊटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये कुठं सुरू होत असेल तर कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटतेय, तुम्ही बाहेरून आत यायला राऊटरमध्ये कितीही वाट करून द्या (पोर्ट फॉरवर्ड), नाही चालणार. एकतर डीव्हीआरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यावरचा, क्यूआर कोड स्कॅन करून त्याच्या क्लाउडवरून बघा, नाहीतर पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा पत्ता, घ्या. दुकानाला पहिलं पुरतं.

नंदनवनच्या ताई: पोरानं डब्याच्या भोकात पिन घालून रिसेट केलं, आता काहीच नाही.

कंपनीची लॉगिन सेटिंग पुसली गेली ताई. फोन करा, ते परत टाकून देतील. पिन लपवा.

हुडकेश्वर रोडवरून: पाच वेळा तक्रार केली, दर वेळी "सुटली" असा मेसेज येतो. ट्रायकडे जाऊ का?

ट्राय म्हणजे फोन-नेट कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, ती एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीकडून तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या, फोनवर सांगितला तर लिहून ठेवा. त्यानं समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अथॉरिटीकडे ३० दिवसांच्या आत अपील करा, त्याला फी नाही आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपिलासोबत प्रत्येक वेळी नेट गेलं तेव्हाचा डब्याचा फोटो जोडा, लाईट नीट दिसले पाहिजेत, आणि शेजारी घड्याळ धरून काढलात तर "तेव्हा लाईन चालूच होती" असं म्हणायला त्यांना जागा उरत नाही.