पुतळ्यावर सराव केल्याने खरा रुग्ण अधिक सुरक्षित होतो का?

डॉक्टरांनी प्लास्टिकच्या पुतळ्यावर सराव केल्याने रुग्णाचे खरोखर भले होते, की हा नुसता खर्चिक देखावा आहे, असे आपण विचारले आहे. मी भूलतज्ज्ञ असून काही वर्षे असे सराव घेतो. पुरावा आहे, मात्र तो सर्वच बाबतींत सारखा भक्कम नाही.

सर्वांत बोलके उदाहरण प्रसूतीचे आहे. बाळाचे डोके बाहेर येऊन खांदा अडकला तर हाताशी मोजकीच मिनिटे असतात, आणि घाबरून डोके ओढले तर बाळाच्या हाताच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. हा प्रसंग इतका क्वचित येतो की केवळ अनुभवावर विसंबून कोणाचा हात तयार होणे अवघड. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात डॉक्टर आणि सुईणी यांना एकत्र बसवून पुतळ्यावर याचा सराव दिला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अशा प्रसूतींत बाळाला इजा होण्याचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले.

यातील ‘एकत्र’ हा शब्द मला पुतळ्याहून मोलाचा वाटतो. सरावात कोणीतरी ओरडते, ‘ॲड्रेनॅलिन द्या’, आणि प्रत्येकाला वाटते की ते दुसऱ्याने दिले. नाव घेऊन सांगणे आणि ऐकणाऱ्याने ‘दिले’ असे मोठ्याने कळवणे, ही सवय व्याख्यानाने लागत नाही. ती लागते सरावानंतरच्या चर्चेत, जिथे कोणालाही दोष न देता घडलेले पुन्हा उलगडले जाते. ही चर्चा गाळली, तर महागडा पुतळाही खेळणेच ठरतो.

मर्यादाही आहेत. हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्यासारखे कौशल्य सराव न ठेवल्यास काही महिन्यांतच ओसरते, आणि पुतळ्यावर मिळालेला आत्मविश्वास कधीकधी फसवाही असतो.

शक्य असेल तेव्हा मी सराव वेगळ्या केंद्रात न घेता प्रत्यक्ष वॉर्डातच घेतो. एकदा अशाच वेळी ऑक्सिजनचा सिलिंडर जागेवर होता, भरलेलाही होता, पण तो उघडण्याची किल्ली कोणालाच सापडेना. कोणाचेही ज्ञान कमी पडले नव्हते, तरी पुतळ्याच्या जागी माणूस असता तर तो गुदमरला असता. आता ती किल्ली साखळीने सिलिंडरलाच बांधलेली असते.