पाळीनंतर वजन उतरलं, मग चरबी कशी वाढली?

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची, साताऱ्यात राहते. हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी यवतेश्वरच्या घाटात पळते. जिममधल्या मशीनवर पाळीच्या आदल्या दिवशी माझं वजन ५८.४ किलो आणि चरबी २५.६ टक्के आली. नऊ दिवसांनी वजन ५७.५ झालं, पण चरबी २७.१! ट्रेनर म्हणतात स्नायू झडले, भात-पोळी बंद कर. खरंच तसं असेल का?
– एक धावपटू

उत्तर : नाही. आणि भात-पोळी अजिबात बंद करू नकोस.

तुझे आकडे मी कागदावर मांडले. मशीनच्या हिशेबानं चरबी सोडून उरलेलं तुझं वजन नऊ दिवसांत साधारण दीड किलोनं घटलं. नीट जेवणाऱ्या, रोज घाट चढणाऱ्या मुलीचे दीड किलो स्नायू इतक्या दिवसांत जात नाहीत. गेलं ते पाणी.

हे मशीन चरबी मोजतच नाही. तळपायांतून, काही मशीनमध्ये हातांतूनही, अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि त्याला किती विरोध झाला ते पाहतं. पाण्यातून आणि क्षारांतून वीज सहज जाते, चरबीतून अडखळत. त्या विरोधावरून, उंची, वय आणि वजन धरून चरबीचा अंदाज बांधला जातो. त्यात गृहीत असतं की चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी आहे. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या चढउतारात अनेकींच्या अंगात पाणी धरून राहतं. पोट फुगतं, अंगठी घट्ट होते. ते गृहीतक तिथेच डळमळतं. जास्तीचं पाणी मशीनला स्नायूंसारखं दिसतं, म्हणून वजन वाढूनही चरबीचा टक्का खाली येऊ शकतो. पाळीनंतर पाणी उतरलं की उलटं. प्रत्येकीचं असंच होईल असं नाही. काहींचा आकडा जेमतेम हलतो. म्हणून मैत्रिणीच्या आकड्याशी तुलना नको.

यापुढे मोजायचं तर रक्तस्राव थांबल्यावर, समज पाळीच्या सहाव्या-सातव्या दिवशी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. घाटातून पळून आल्या-आल्या तर मुळीच नको. घाम गेलेला असतो, त्वचा तापलेली असते, दोन्हींमुळे आकडा बिघडतो. मशीन तेच हवं. तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसाशी करायची, आणि सलग तीन पाळ्यांचे आकडे हातात येईपर्यंत आहारात फेरफार करायचा नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर तेही वहीत लिहून ठेव, कारण तेव्हा हार्मोन्सचं चक्र वेगळं असतं.

भात सोडलास तर काय होईल तेही सांगते. पिष्टमय पदार्थांपासून स्नायूंत ग्लायकोजेन साठतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी. भात-पोळी तोडली की हा साठा आटतो, काट्यावर वजन झपकन उतरतं, चरबी मात्र होती तिथेच. घाटात पाय उचलेनासे होतील ते वेगळंच.

मला खरी काळजी पुढची आहे. पळणाऱ्या मुली आकड्याच्या मागे लागून कमी खातात आणि एक दिवस पाळी थांबते. ‘ट्रेनिंग चांगलं चाललंय म्हणून थांबली’ हे वाक्य मी मैदानावर ऐकलं आहे, आणि दर वेळी जीव कळवळतो. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नसल्याची ती खूण असू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक भेगा पडतात. तीन महिने पाळी आली नाही तर सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

ट्रेनरना हे उत्तर दाखव. आणि मशीन पाण्याचा वेगळा आकडा दाखवत असेल, तर पुढच्या वेळी वजन आणि चरबीसोबत तोही लिहून पाठव.