पागडीच्या भाडेकरूचं भाडं वाढवायचंय? आधी हे बघा

नवीन घरमालक आहात म्हणून सांगतो, पागडीच्या (म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात राहणाऱ्या) जुन्या भाडेकरूला एकदम डबल भाडं मागायला जाऊ नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये वर्षाला ४ टक्केच वाढ धरलीय. मूळ भाडंच दीडशे रुपये असलं तर वाढ सहा रुपये, हसू येतं पण तेवढीच. हां, महापालिकेचा टॅक्स वाढला तर तो वेगळा लावता येतो, आणि बिल्डिंगमध्ये सुधारणा करायची तर आधी ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती घ्या, मग त्या खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत वाढ वर्षाला मिळते, पण नेहमीची रिपेअरिंग त्यात नाही धरत. वाढ लेखीच कळवा, पावती दर महिन्याला द्या. लिव्ह अँड लायसन्सवाल्याचं (म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर राहणाऱ्याचं) वेगळं, तिथे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहाल तेच.